आवाज आणि ऐकणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऐकण्याची तपासणी करते. दिवसभर समोरची माणसं हेडफोन लावून बसतात आणि तपासणी संपली की प्रश्न विचारतात. काही प्रश्न कानाबद्दल असतात, काही आवाजाबद्दल. इतक्या वर्षांत मला या दोघांची वाटणी करता आलेली नाही. हवेत जे होतं त्याने ऐकण्याचं निम्मंच काम होतं. उरलेलं काम कान आणि मेंदू करतात, आणि ते किती कष्टाने करतात याची बहुतेकांना कल्पना नसते. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत.

आवाज म्हणजे नेमकं काय?

हवेच्या दाबात झपाट्याने होणारा बारीक चढउतार. टाळी वाजवली की तळव्यांमधली हवा एकदम दाबली जाते. ती पलीकडच्या हवेला ढकलते, ती आणखी पलीकडच्या हवेला, आणि ढकलून झालं की जो तो आपल्या जागी परत येतो. दाटी, विरळपणा, पुन्हा दाटी, असा पट्टा पुढे सरकत जातो. शाळेच्या पुस्तकात यालाच संपीडन आणि विरलन म्हटलेलं असतं.

हा चढउतार किती बारीक असतो ते ऐकलं की माणसं थबकतात. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे १ लाख पास्कल असतो. हातभर अंतरावर कुणी साधं बोलत असेल, तर त्या दाबात साधारण ०.०२ पास्कलचा फरक पडतो, म्हणजे ५० लाखांत एक भाग. एवढ्यावर आपण शब्द ओळखतो, बोलणारा कोण ते ओळखतो आणि तो रागावलाय की थकलाय हेही ओळखतो.

मग बोलणाऱ्याच्या तोंडातली हवा माझ्या कानापर्यंत येते का?

नाही. लांबलचक रांगेत मागून कुणी धक्का दिला तर तो धक्का पुढच्या टोकाला पोचतो, पण माणसं जिथल्या तिथेच असतात. तसंच आहे हे. साध्या बोलण्यात हवेचे कण जागच्या जागी हलतात, तेही मिलिमीटरच्या साधारण एक लाखाव्या भागाइतके. प्रवास होतो तो हेलकाव्याचा.

आवाजाचा वेग किती?

२० अंश सेल्सिअसच्या हवेत सेकंदाला ३४३ मीटर. शून्य अंशाला ३३१. पाण्यात जवळजवळ १४८० आणि पोलादात ५ हजारांच्या वर. म्हणूनच रुळाला कान लावला की दूरची गाडी आधी कळते (हा प्रयोग कुणीही करू नये). वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, वीज साधारण तितके किलोमीटर दूर पडलेली असते.

या वेगाचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. न्यूटनने १६८७ मध्ये तो गणिताने काढला आणि उत्तर खऱ्यापेक्षा बरंच कमी आलं. हवा दाबली गेली की क्षणभर तापते आणि तापलेली हवा जास्त जोराने परत ढकलते, ही गोष्ट त्याच्या हिशोबात नव्हती. ती दुरुस्ती लाप्लास याने १८१६ मध्ये केली. मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. आपल्या प्रत्येक शब्दाबरोबर हवा कणभर तापते आणि निवते, हे कळायला एवढा काळ लागला.

पोकळीत आवाज का जात नाही?

ढकलायला काही नसतं म्हणून. रॉबर्ट बॉइलने १६६० मध्ये काचेच्या भांड्यात दोऱ्याने घड्याळ टांगलं आणि पंपाने हवा काढत गेला. टिकटिक विरत विरत नाहीशी झाली. घड्याळ समोर दिसत होतं, चालत होतं, पण ऐकू येत नव्हतं.

रानात झाड कोसळलं आणि ऐकायला कुणीच नसलं, तर आवाज होतो का?

हा प्रश्न गमतीने विचारला जातो, पण मला तो मनापासून आवडतो. उत्तर ‘आवाज’ या शब्दाचा अर्थ काय धरता त्यावर आहे. हवेचा हेलकावा म्हणत असाल तर तो होणारच, झाडाला श्रोत्याची गरज नाही. पण ‘कडाड्’ म्हणत असाल, तर ते हवेत कुठेच नसतं. हवेत फक्त दाबाचा चढउतार असतो. त्याचा ‘कडाड्’ करायला कान लागतो आणि कानामागे मेंदू लागतो. आपल्या भाषेत पानांची सळसळ, पाण्याची खळखळ, बांगड्यांची किणकिण, कागदाची फडफड यांना वेगवेगळे शब्द आहेत. हवेच्या लेखी हे सगळे एकाच जातीचे हेलकावे आहेत.

बारीक आवाज म्हणजे हळू आवाज का?

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. रुग्णही करतात, त्यामुळे तपासणीत मला हे आधी समजावून सांगावं लागतं. संगीतात नादाचे तीन गुण सांगतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. माझ्या कामाला मला यापेक्षा चांगली मांडणी सापडलेली नाही.

उच्चनीचता म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात ते. हे हर्ट्झमध्ये मोजतात. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्याच्या खालचा तो अवश्राव्य ध्वनी, वरचा तो श्राव्यातीत. हत्ती खालच्या पट्ट्यात एकमेकांशी बोलतात, वटवाघळं वरच्या पट्ट्यात आपला रस्ता शोधतात. लहानमोठेपणा म्हणजे हेलकावा किती जोराचा आहे ते. आणि जात म्हणजे एकाच पट्टीत, तितक्याच जोराने लावलेला ‘सा’ बासरीचा की सतारीचा हे ज्यावरून कळतं ते. कुठलंही वाद्य एकच कंपन देत नाही. मूळ सुराबरोबर त्याचे वरचे सूर मिसळलेले असतात आणि ते कोणत्या प्रमाणात मिसळलेत यावर बहुतांशी जात ठरते. सूर उठतो कसा आणि विरतो कसा, याचाही त्यात वाटा असतो.

इथे तबल्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. साध्या ताणलेल्या चामड्याचे वरचे सूर मूळ सुराशी जुळत नाहीत. त्यामुळे नुसत्या ढोलाचा ‘सा’ नीट लागत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासोबत दाखवून दिलं की आपल्या तबला-मृदंगावर मधोमध चढवलेल्या शाईच्या, म्हणजे काळ्या लेपाच्या, वजनामुळे हे वरचे सूर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत येऊन बसतात. शाई चढवणाऱ्यांनी ते कानाने साधलं होतं, गणित फार नंतर आलं.

डेसिबल म्हणजे काय? शून्य डेसिबल म्हणजे पूर्ण शांतता का?

नाही. डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप, आणि शून्य डेसिबल म्हणजे निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या जवळपासची एक ठरवलेली खूण, २० मायक्रोपास्कल. एखाद्याला त्याच्याही खालचं ऐकू येतं, तेव्हा मी ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, उणे ५ लिहिते आणि रुग्ण घाबरून विचारतो, ‘उणे म्हणजे वाईट ना?’ वाईट अजिबात नाही, उलट असा कान फार चांगला.

डेसिबलचा आकडा बेरजेने वाचायचा नसतो. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, पण आपल्याला तो साधारण दुप्पटच मोठा वाटतो. म्हणजे ६० वरून ९० वर गेलं की ऊर्जा हजारपट झाली, कानाला मात्र आठपट वाटली. कान दुखायला लागतो तो १२० च्या आसपास. जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि तो आवाज यांच्या ऊर्जेत एक लाख कोटी पटींचा फरक आहे, आणि दोन्ही आपण त्याच एका कानाने ऐकतो.

कानात शिरल्यावर आवाजाचं पुढे काय होतं?

कानाची पाळी आणि तिच्या घड्या आवाज गोळा करून अडीचेक सेंटिमीटर लांबीच्या नळीत सोडतात. ही नळी स्वतःच ३ हजार हर्ट्झच्या आसपास घुमते, त्यामुळे त्या पट्टीतले आवाज पडद्यापर्यंत पोचतानाच मोठे झालेले असतात. नळीच्या शेवटी कानाचा पडदा. त्यामागे तीन हाडं एकमेकांत अडकलेली : हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब शरीरातलं सगळ्यात छोटं हाड आहे, उणंपुरं ३ मिलिमीटर.

ही हाडं कशाला हवीत? आतल्या कानात द्रव भरलेला असतो म्हणून. हवेतला आवाज थेट पाण्यावर आदळला तर त्याची ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. पोहताना डोकं पाण्याखाली गेलं की काठावरचं बोलणं कसं बंद होतं ते आठवा. पडद्याचं क्षेत्रफळ मोठं आणि रिकिबीच्या तळव्याचं त्याच्या सतराव्या भागाइतकं, त्यात हाडांच्या तरफेची भर. त्यामुळे दाब वीसेक पटींनी वाढतो आणि द्रव हलतो.

पुढे कॉक्लिया. शंखाच्या वेढ्यांसारखी, साधारण अडीच वेढ्यांची नळी. उलगडली तर ३५ मिलिमीटर. तिच्यात लांबीभर एक पातळ पडदा असतो. तोंडापाशी तो अरुंद आणि ताठ, टोकाकडे रुंद आणि सैल. उंच सूर तोंडापाशी तो पडदा हलवतात, खर्ज पार टोकाला जाऊन. पेटीच्या पट्ट्या ओळीने मांडाव्यात तशी सुरांची जागा तिथे ठरलेली आहे. हे पाहिलं गेओर्ग फॉन बेकेशी यांनी. ते मूळचे टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करणारे. फोन सुधारायचा तर ऐकणारा कान कसा चालतो ते आधी कळायला हवं, म्हणून ते मृत माणसांचे कान सूक्ष्मदर्शकाखाली तपासू लागले. १९६१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

त्या पडद्यावर केशपेशी बसलेल्या असतात. माथ्यावर केसांसारखे तंतू असलेल्या या पेशी एका कानात साधारण १५ हजार असतात, त्यांपैकी आतल्या ओळीच्या जेमतेम साडेतीन हजार. मेंदूला जाणारा जवळजवळ सगळा निरोप या साडेतीन हजारांकडूनच जातो. तंतू वाकले की पेशीत विद्युतभार शिरतो, मज्जातंतू चेततो, आणि हवेचा हेलकावा इथून पुढे विजेचा संदेश होतो.

मग बाकीच्या पेशी काय करतात? आणि कान स्वतः आवाज करतो हे खरं आहे का?

खरं आहे. बाहेरच्या ओळींतल्या केशपेशी आवाजाच्या तालावर स्वतः आखूड-लांब होतात आणि पडद्याला झोके देतात. झोका घेणाऱ्याला योग्य वेळी हलका धक्का दिला की झोका वाढतो, तसं. त्यामुळे हळू आवाज मोठे होतात आणि जवळजवळचे सूर वेगळे कळतात. या धडपडीतला थोडा आवाज उलट्या वाटेने कानाबाहेर येतो. डेव्हिड केम्प यांनी तो १९७८ मध्ये मोजून दाखवला.

आज नवजात बाळाच्या कानाची पहिली तपासणी बऱ्याचदा याच आवाजावर होते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटासा मऊ बूच बसवायचा, टिकटिक सोडायची आणि वाट पाहायची. बाळाला काही करावं लागत नाही. त्याचा कान उत्तर देतो. यंत्राच्या पडद्यावर ते उत्तर उमटताना मी असंख्य वेळा पाहिलं आहे, तरी दर वेळी मी खुर्चीत पुढे सरकून बसते.

बाळाला पोटात ऐकू येतं का?

हो, शेवटच्या तीन-साडेतीन महिन्यांत. बाहेरचे उंच आवाज गाळले जातात, खर्ज आणि बोलण्याची लय पोचते. नुकती जन्मलेली बाळं परक्या बाईपेक्षा आईच्या आवाजाला जास्त ओढ दाखवतात, हे १९८० मध्ये प्रयोगाने दिसलं आहे.

आवाज कोणत्या बाजूने आला हे कसं कळतं?

दोन कानांमुळे. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाचा दीड हजारावा भाग. आपण त्याहून कितीतरी बारीक, सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतकाही फरक ओळखू शकतो. शिवाय उंच आवाजांना डोकं आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानात ते दबून पोचतात. वर-खाली, पुढे-मागे यासाठी पाळीच्या घड्या कामाला येतात. ज्यांचा एक कान गेला आहे ते सांगतात की कुणी हाक मारली की सगळीकडे मान फिरवून शोधावं लागतं. त्यांना ऐकू येतं, पण ठिकाण कळत नाही.

मेंदू खरंच काही भर घालतो का, की ही बोलण्याची पद्धत आहे?

खरंच घालतो, आणि हे घरबसल्या तपासता येण्याइतकं उघड आहे. साध्या टेलिफोनवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १०० ते १३० च्या घरात असतो, म्हणजे तो तारेतून येतच नाही. तरी वडिलांचा आवाज फोनवर बायकी वाटत नाही. वरच्या सुरांमधलं अंतर पाहून मेंदू खालचा सूर ताडतो आणि तो आपल्याला ऐकवतो.

रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये ध्वनिमुद्रित वाक्यातला एक आवाज कापून त्या जागी खोकला घातला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंड ऐकू आला आणि खोकला नेमका कुठे होता ते सांगता येईना. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी कानावर ‘बा’ सोडला आणि पडद्यावर ‘गा’ म्हणणारे ओठ दाखवले. बहुतेक मोठ्यांना ऐकू आला ‘दा’. डोळे मिटले की पुन्हा ‘बा’. कानावर पडणं आणि कान देणं हे आपण वेगळे शब्द वापरतो, ते योग्यच आहे.

रेकॉर्ड केलेला माझा आवाज परका का वाटतो?

तुम्ही एरवी स्वतःला दोन वाटांनी ऐकता, हवेतून आणि कवटीच्या हाडांतून. हाडं खालचे सूर छान पोचवतात, म्हणून स्वतःचा आवाज भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांची वाट नसते. दोन्ही कानांत बोटं घालून ‘म्’ म्हणत राहा, म्हणजे ती वाट सापडेल. एकच कान बंद केला तर आवाज त्याच बाजूला सरकतो. कपाळावर ट्यूनिंग फोर्क टेकवून आम्ही हेच पाहतो. मळाने किंवा सर्दीने बंद झालेल्या कानात तो जास्त घुमतो, पण नस किंवा केशपेशी कमजोर असतील तर चांगल्या कानाकडे जातो. एका फोर्कने अर्ध्या मिनिटात इतकं कळतं.

काही खोल्यांत बोलणं का समजत नाही?

निनादामुळे. भिंतींवरून परतणारे आवाज मूळ बोलण्यात मिसळतात आणि मागचा शब्द पुढच्या शब्दावर चढतो. प्रतिध्वनी वेगळा. तो सुटा ऐकू यायला भिंत निदान १७ मीटर दूर हवी, म्हणजे जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो.

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत होता. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. तो रात्री, सगळीकडे सामसूम झाली की, शेजारच्या नाट्यगृहातून खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजायचा. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. खोलीचं घनफळ आणि आवाज शोषणारी पृष्ठं यांचं त्याने बांधलेलं सूत्र आजही वापरतात. वर्गात, हॉलमध्ये नीट ऐकू येत नसेल तर लोक आधी माइकचा आवाज वाढवतात. त्याने निनादही वाढतो. त्याऐवजी पडदे, गालिचे आणि मऊ पृष्ठं वाढवा.

वय झालं की ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ असं का होतं?

हा मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याच्यामागे बहुतेक वेळा घरातलं भांडण असतं. ‘यांना नको ते बरोबर ऐकू येतं’ असं घरचे म्हणतात. तसं नसतं.

वयाबरोबर केशपेशी झिजतात त्या कॉक्लियाच्या तोंडापासून, म्हणजे उंच सुरांच्या बाजूने. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, आ, ई, ओ यांत, आणि ते खालच्या पट्टीत असतात. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर उभा असतो, आणि स, श, फ, ख, ठ यांची फुसफुस उंच पट्टीत असते, शिवाय क्षीण असते. आता ‘साठ’, ‘पाठ’, ‘काठ’, ‘ताठ’ हे शब्द घ्या. मधला ‘आ’ ठणठणीत ऐकू येतो, म्हणून कुणीतरी बोललं हे पक्कं कळतं. पहिलं अक्षर मात्र निसटतं. मग माणूस संदर्भावरून अंदाज बांधतो. शांत खोलीत, समोरासमोर, ओठ दिसत असताना अंदाज बरोबर येतो. चारजण एकदम बोलायला लागले की चुकतो. दिवसभर असे अंदाज बांधून माणूस थकतो आणि हळूहळू बैठकीतून उठून जायला लागतो. लोकांना वाटतं, स्वभाव बदलला.

ओरडून बोलल्याने काम होत नाही, कारण ओरडताना मोठे होतात ते स्वर, व्यंजनं नाहीत. उलट केशपेशी गेलेल्या कानाला मोठा आवाज लवकर बोचतो. म्हणूनच ‘काय?’ आणि लगेच ‘ओरडतोस कशाला!’ ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाकडून येतात, आणि दोन्ही खरी असतात. समोर या, तोंडावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा, किंचित सावकाश बोला. नाही कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू नका, वेगळ्या शब्दांत सांगा.

किती मोठा आवाज धोक्याचा?

आवाजाइतकाच वेळही महत्त्वाचा. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास ही रूढ मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला ४ तास, ९१ ला २, १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना मोबाइल-हेडफोनसाठी मोठ्यांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असं सांगते, मुलांना ७५. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला आवाज धोक्याचा आहे असं समजा.

गोंगाटातून बाहेर आल्यावर कान बधिर वाटतात आणि सकाळी ‘बरे’ होतात. त्या बरं होण्यावर फार विसंबू नका. उंदरांवरच्या २००९ मधल्या कामातून दिसलं की ऐकण्याची पातळी परत आली तरी केशपेशी आणि नस यांच्यातले कितीतरी जोड कायमचे तुटलेले असू शकतात. आणि पेशी गेली की गेली. पक्ष्यांमध्ये केशपेशी पुन्हा उगवतात, हे १९८८ मध्ये कळलं. आपल्यात उगवत नाहीत. जन्माला येताना मिळालेल्या १५ हजारांवरच आपण जन्म काढतो.

फटाका किंवा बंदूक यांचं वेगळं सांगते. मोठा आवाज झाला की रिकिबीला ओढून धरणारा एक स्नायू आवळतो, पण त्याला जवळजवळ सेकंदाचा दहावा भाग लागतो. स्फोट तोवर आत पोचलेला असतो.

कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येते. बाहेर तर काहीच नाही.

याला टिनिटस म्हणतात. बऱ्याचदा जो पट्टा कानाकडून यायचा थांबला, त्याच पट्ट्यात मेंदू आपला आवाज वाढवून बसतो. भास म्हणून झटकू नका, तपासून घ्या. एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा एका कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

दडे बसतात ते का? मळ काढावा का?

पडद्यामागची पोकळी एका नळीने घशाशी जोडलेली असते. विमानात, घाटात बाहेरचा दाब बदलतो आणि ती नळी उघडली नाही की पडदा ताणला जातो. गिळा, जांभई द्या. मळ आपोआप बाहेर येतो, कापसाची काडी त्याला आत ढकलते. काडीने फाटलेले पडदे मी पाहिले आहेत. कानात काहीही घालू नका.

श्रवणयंत्र लावलं की पूर्वीसारखं ऐकू येतं का?

पूर्वीसारखं नाही, पण पुष्कळ परत येतं. यंत्र गेलेली पट्टी मोठी करून देतं, गेलेल्या पेशी देत नाही. पहिल्या दिवशी लोक म्हणतात, सगळं खणखणतंय, स्वतःची पावलं त्रास देतात, कागद कर्कश वाटतो. मेंदू हे आवाज विसरलेला असतो, त्याला काही आठवडे द्यावे लागतात. चार दिवसांत यंत्र काढून खणात ठेवणाऱ्यांबद्दल मला फार वाईट वाटतं, कारण त्यांनी फक्त सगळ्यात अवघड आठवडा अनुभवलेला असतो. केशपेशी जवळजवळ उरल्याच नसतील तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कॉक्लियात बसवलेलं यंत्र, थेट नसेला विद्युत संदेश देतं, १२ ते २२ इलेक्ट्रोडवर. हजारो पेशींचं काम इतक्या थोड्या बिंदूंवर, आणि तरी लहान वयात बसवलेली मुलं बोलायला शिकतात. पुन्हा तेच, उरलेलं मेंदू भरून काढतो.

तपासणीत नेमकं काय करता? दुखतं का?

अजिबात नाही. तुम्ही आवाजबंद खोलीत बसता, कानाला हेडफोन, हातात बटण. मी काचेच्या या बाजूला. एकेक सूर वाजवते, २५० हर्ट्झपासून ८ हजारांपर्यंत, आणि प्रत्येक सूर हळू हळू करत नेते. ऐकू आला की बटण दाबायचं, जेमतेम आला तरी.

सुरुवातीला माणूस आरामात बसलेला असतो. सूर क्षीण होत गेले की तो हलायचा थांबतो. मग श्वास रोखतो, कारण स्वतःचा श्वासही आता मोठा वाटतो. काहीजण डोळे मिटतात. जिवाचा कान करणं म्हणजे काय ते मला काचेतून रोज दिसतं. आणि कधीकधी मी काहीच वाजवलेलं नसतं, मुद्दाम थांबलेली असते, तरी माझ्याकडचा दिवा लागतो. त्याने बटण दाबलेलं असतं. बाहेर आल्यावर मी विचारते, तर तो शपथेवर सांगतो की सूर वाजला होता, अगदी लांबून, पण वाजला होता. मी तशी नोंद करते आणि ती पट्टी पुन्हा तपासते.